ग्रे हेरॉनचा भाऊ

कॅम्पबेल, ओहायो
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय मिस्टर टीग,

तुमची माझी ओळख नाही. नवऱ्याच्या पुतण्याला वाढदिवसाला काय द्यावं ते सुचेना म्हणून गेल्या शनिवारी कॉमिक्सच्या दुकानात शिरले. गल्ल्यापाशी तुम्ही वाचकांसाठी काढता त्या 'रूफटॉप' पत्रिकेचा अंक पडला होता. साधा झेरॉक्स केलेला, दोन पिना मारलेला. वर ग्रे हेरॉन, त्या जुन्या कॉमिकचा नायक, छपराच्या टोकावर एका पायावर उभा. मी तो तिथंच उभ्याउभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. शेवटी दुकानदार म्हणाला, "बाई, घेऊन जा आता. तुमचे पाय दुखायला लागलेत आणि ते बघून माझे."

तीस वर्षांत मी हेरॉनचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटायचं तो फक्त आमच्याच घरात होता.

पुढचा अंक शेवटचा आहे आणि त्यासाठी प्रत्येक वाचकानं आपल्या आवडीचं एक जुनं कव्हर स्वतःच्या हातानं पुन्हा काढून पाठवायचं आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. मी चित्रकार नाही, शाळेच्या ऑफिसात काम करते. तरी हेरॉनच्या अंक एकतीसचं कव्हर आठवेल तसं काढलं आहे. चुकलं असेल तिथं सांभाळून घ्या.

तुमची,
लुडमिला प्रुइट

*

फोर्ट वेन, इंडियाना
२३ ऑक्टोबर १९९१

प्रिय मिसेस प्रुइट,

चित्र मिळालं. आभार. स्पष्ट लिहितो, रागावू नका. मी आयुष्यभर शाळेत छपाईकाम शिकवलं आहे आणि चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो.

अंक एकतीसचं मुखपृष्ठ माझ्यासमोर आहे. त्यात हेरॉन घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली झेपावतो आहे आणि डॉक्टर स्लीट त्याच्यावर बर्फाची तोफ डागतो आहे. तुमच्या चित्रात तोफ नाही, मनोरा नाही, झेप तर नाहीच नाही. हेरॉन आणि त्याचा कट्टर शत्रू एका पुलाच्या कठड्यावर शेजारी शेजारी बसले आहेत. बर्फ पडतो आहे. हेरॉन स्लीटच्या गळ्यात मफलर गुंडाळतो आहे. दोघांच्या मध्ये सुपाची वाटी आहे आणि तीत दोन चमचे आहेत. मिसेस प्रुइट, या दोघांनी सात वर्षं एकमेकांना इमारतींवरून ढकललं. सूप कधीच प्यायलं नाही. आणि स्लीटच्या कोटावर ती ठिपक्यांची नि सूर्यफुलांची नक्षी कुठून आली?

आपल्या अंकाचा नियम असा की चित्र कितीही कच्चं असो, मांडणी मूळचीच हवी. तेव्हा हे छापता येत नाही. मूळ मुखपृष्ठाची झेरॉक्स हवी असेल तर पाठवतो, त्यावरून नवीन काढा. नाताळपर्यंत वेळ आहे.

माझी बायको व्हर्ना पाठीमागे उभी राहून हे वाचते आहे. ती म्हणते, "ऑरिन, त्या बाईला सांग की सुपाची वाफ फार छान जमली आहे, आणि तू गाढव आहेस." पहिलं कळवलं. दुसरंही कळवलं.

आपला,
ऑरिन टीग

*

कॅम्पबेल
२ नोव्हेंबर १९९१

प्रिय मिस्टर टीग,

झेरॉक्स पाठवू नका. मला ते कव्हर बघायचं नाही. कारण सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाइडोशचं औषधांचं दुकान होतं. महिना उलटला की न खपलेल्या कॉमिक्सची कव्हरं तो टराटरा फाडायचा आणि पैसे परत मिळावेत म्हणून तेवढीच वितरकाकडे पाठवायचा. बाकीचा अंक कचऱ्यात टाकायचा असा करार होता. पण गाइडोशला कचऱ्यात काही टाकवत नसे. तो मागच्या दारानं ते अंक माझ्या भावाला, अँडीला द्यायचा. त्यामुळे ग्रे हेरॉनचा एकही अंक आम्ही कव्हरासकट पाहिला नाही. गोष्ट एकदम पहिल्या पानावरच सुरू व्हायची, कुणीतरी आधीच छपरावरून पडत असायचं.

अँडी बारा वर्षांचा, मी नऊ. इतर पोरं त्याला म्हणायची, "तुझा हेरॉन म्हणजे पिसं उपटलेला बगळा." एकदा तो रडत घरी आला. आई तेव्हा लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायची. घडीत घालायचे पांढरे पुठ्ठे असतात ना, त्यातला एक तिनं आणला, कॉमिकमधली चित्रं नीट पाहिली आणि कव्हर काढून दिलं. आकाशाला लाँड्रीतली नीळ. तपकिरीसाठी कांद्याच्या सालींचं पाणी, लाल रंगाला बीट. आमच्याकडे ईस्टरची अंडी याच रंगांनी रंगवतात आणि टाचणीच्या डोक्यानं मेणाचे ठिपके देऊन नक्षी काढतात. आईला दुसरी चित्रकला येत नव्हती, म्हणून स्लीटच्या कोटावर सूर्यफुलं आली. मग लाल दोऱ्यानं ते कव्हर अंकाला शिवून टाकलं. त्यानंतर प्रत्येक अंकाला.

आता मुख्य गोष्ट. आईला इंग्रजी वाचता येत नाही. अजूनही येत नाही. ती स्लोव्हाकियातल्या खेड्यातून लग्न करून आली, कारखान्याच्या वस्तीत तिला इंग्रजीची गरजच पडली नाही. ती नुसती चित्रं बघायची. आणि तुमच्या त्या चित्रकारानं सगळ्या पुरुषांना एकच नाक दिलं आहे, तुम्ही पाहिलंच असेल. आईनं ते बघितलं आणि निकाल दिला, "हे दोघे भाऊ आहेत. थोरला रुसून घर सोडून गेलाय. धाकटा त्याला परत न्यायला येतो. थोरला ऐकत नाही, म्हणून झटापट होते." आम्ही म्हटलं, "पण आई, पोलिसाचंही नाक तसंच आहे." ती म्हणाली, "तो मावसभाऊ असेल."

ती आम्हाला सगळे अंक असेच सांगायची. तिच्या गोष्टीत हेरॉन प्रत्येक मारामारीत एकच वाक्य बोलतो, "चल घरी." मला इंग्रजी वाचता यायला लागलं होतं तेव्हाही मी संवादांचे ते फुगे वाचायची नाही, आईचंच ऐकायची. अँडीचंही तेच.

तेव्हा माझ्यासाठी अंक एकतीसचं कव्हर म्हणजे सूप आणि मफलर. मी ते मनानं काढलेलं नाही, आईचं आठवून काढलं आहे. छापलंत तर खाली माझं नाव नको, झुझाना होर्न्याक असं तिचं नाव घाला. आईनं काढलेली ती कव्हरं राहिली नाहीत. अँडी पुढे नौदलात गेला, आता तिकडेच पश्चिमेला असतो.

व्हर्नाबाईंना माझा नमस्कार. त्यांचा दुसरा निरोपही मला पटला.

तुमची,
लुडमिला प्रुइट
(सगळे मिली म्हणतात.)

*

फोर्ट वेन
२१ नोव्हेंबर १९९१

प्रिय मिली,

उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं पत्र वाचल्यावर मी तळघरात जाऊन 'रूफटॉप'चे जुने अंक उपसत बसलो होतो. एक चमत्कारिक गोष्ट सांगायची आहे. जपून सांगतो.

माझ्या वाचकांत एक गृहस्थ आहेत. नऊ वर्षं झाली, ते वाचकांच्या पत्रांत एकच मुद्दा मांडत आले आहेत: ग्रे हेरॉन आणि डॉक्टर स्लीट सख्खे भाऊ आहेत. पुरावा काय, तर नाक. आमच्या मंडळींनी त्यांची काय थट्टा केली आहे! त्यांना सगळे 'नाकवाला' म्हणतात. ओमाहाच्या एकानं लिहिलं, "नाकावरून नातं ठरत असतं तर आमचा पोस्टमन माझा बाप ठरला असता." मीसुद्धा एकदा त्यांच्या पत्राखाली 'पुन्हा तेच' एवढीच टीप टाकली होती. ते कधी चिडले नाहीत. पुढच्या वेळी दुसरा अंक, दुसरं पान, तेच नाक. एकदाच त्यांनी लिहिलं होतं, "जिनं मला ही गोष्ट सांगितली ती खोटं बोलत नसे." मला वाटलं, बायको असेल.

सगळ्या जगात ही समजूत असलेली दोन माणसं असू शकतात, पण दोन घरं असतील असं मला वाटत नाही.

माझा प्रश्न आगाऊपणाचा आहे. तुमचा भाऊ तुम्हाला पत्र लिहितो का?

ऑरिन

*

कॅम्पबेल
१ डिसेंबर १९९१

प्रिय ऑरिन,

तुमचं पत्र पेटीतून काढलं आणि जिन्यातच बसून वाचलं. हॅरोल्ड, म्हणजे माझा नवरा, आतून ओरडत होता, "दार लाव गं, सगळी ऊब बाहेर चालली!" मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.

नाही. लिहीत नाही. मागच्या पत्रात मी 'पश्चिमेला असतो' असं लिहिलं, ते लोकांना सांगायची सवय झाली आहे म्हणून. तो कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. दहा वर्षांपूर्वी शेवटचं नाताळचं कार्ड आलं, त्यावर पत्ता नव्हता.

वडिलांनी त्याच्यासाठी पोलादाच्या कारखान्यात शब्द टाकला होता. तो न विचारता नौदलात भरती झाला. वडील म्हणाले, "या दारातून गेलास तर परत यायला दुसरं दार शोध." जाताना आईनं त्याला विचारलं, तुझ्या पुस्तकांचं काय करू? तो रागात होता. म्हणाला, "टाकून दे. बिनकव्हरची आहेत, त्यांना काही किंमत नाही." तो आईच्या चित्रांबद्दल बोलत नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. आईनं मात्र शब्दाला शब्द ऐकलं. सगळी खोकी चर्चच्या सेलला देऊन टाकली आणि त्यानंतर पुन्हा कधी चित्र काढलं नाही.

वडील गेले तेव्हा तो आला, पण दफन उरकल्यावर दुसऱ्या दिवशी. विमान चुकलं होतं म्हणे. आईनं दार उघडलं. ती दोन रात्री झोपली नव्हती. त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आता काय उरलंय?" ती वडिलांबद्दल बोलत होती, ऑरिन. त्यानं ते स्वतःबद्दल घेतलं. संध्याकाळच्या बसनं निघून गेला.

आई आता सत्तरीला आली. घर टेकडीवर आहे, रस्त्यापासून दारापर्यंत नुसत्या पायऱ्या, आणि तिच्या खुब्यानं कधीच राजीनामा दिला आहे. गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरली. मी म्हणते, घर विकू, माझ्याकडे चल, एकच मजला आहे. ती म्हणते, "त्याला हे एकच दार माहीत आहे. उद्या आला आणि परक्या बाईनं उघडलं तर?" या हिवाळ्यात ती पुन्हा पडली तर मला आधी शेजारणीचा फोन येईल. मी सगळा वेळ त्या फोनच्या धास्तीत असते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे टेबलावर एक ताट रिकामं मांडतात, वाटसरूसाठी. आई ते पुसते, मांडते आणि कुणाचं आहे ते कधी बोलत नाही.

मला त्याचा पत्ता द्या.

मिली

*

फोर्ट वेन
११ डिसेंबर १९९१

प्रिय मिली,

देता येत नाही.

हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला आणि आता व्हर्ना माझ्याशी बोलत नाही. पण त्या गृहस्थांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, "माझं पूर्ण नाव व पत्ता कुणाला देऊ नये." मी हो म्हटलं होतं. माणूस कशापासून लांब गेला आहे हे मला ठाऊक नव्हतं, तरी हो म्हटलं होतं. आणि परस्पर तुमचं पत्र त्यांच्याकडे पाठवलं, तर ते 'रूफटॉप'सुद्धा उघडायचे बंद होतील अशी मला भीती वाटते. त्यांनी उघडी ठेवलेली तेवढी एकच खिडकी मला दिसते आहे. ती मी बंद होऊ देणार नाही.

पण तुमचा पत्ता माझ्याकडे आहे आणि त्याबद्दल मी कुणाला शब्द दिलेला नाही.

जुन्या कॉमिक्समध्ये मागच्या पानावर वाचकांची पत्रं यायची, आठवतं? तुम्हाला आठवेल, कारण मागचं पान गाइडोश फाडत नसणार. पत्राखाली वाचकाचं नाव, घर क्रमांक, रस्ता, गाव, सगळं छापायचे. त्या पत्त्यांवरूनच आम्ही हेरॉनवाले एकमेकांना सापडलो. मी एकदा हेरॉनच्या छातीवरच्या चिन्हाबद्दल पाच परिच्छेद लिहिले होते. महिन्यानं टेरे होटहून एका मुलीचं कार्ड आलं: "तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का?" त्या मुलीनं काल रात्रीपासून माझ्याशी अबोला धरला आहे.

शेवटच्या अंकात ती पद्धत पुन्हा सुरू करतो. प्रत्येक चित्राखाली पूर्ण पत्ता. आणि तुमच्या आईचं चित्र आत नाही, वरच. मुखपृष्ठावर. मांडणीचा नियम मीच केला होता, मीच मोडतो.

एकच मागणं आहे. तुम्ही काढलेलं नको. त्यांच्या हातचं मिळेल का?

ऑरिन

*

कॅम्पबेल
८ जानेवारी १९९२

प्रिय ऑरिन,

तुमचं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुमचा राग केला. मग तुम्ही बरोबर आहात याचा राग केला. आता ठीक आहे.

नाताळात आईला विचारलं. ती पीठ मळत होती.

"आई, तो बगळा आठवतो? अँडीच्या पुस्तकातला?"

"न आठवायला काय झालं? धाकटा."

"त्याचं कव्हर पुन्हा काढशील? सूपवालं? एक गृहस्थ छापणार आहेत."

"वेडी का तू? त्यांना काही किंमत नाही."

"कोण म्हणालं?"

"अँद्रेकोच म्हणाला. त्याला कळतं त्यातलं."

अँडीला ती अजून अँद्रेकोच म्हणते. मग मी तिला नाकवाल्याची गोष्ट सांगितली. कुणीतरी एक माणूस आहे, एवढंच म्हटलं. नऊ वर्षं सगळे हसताहेत, तरी तो म्हणतो की ते दोघे भाऊच आहेत. आईनं हात पुसले. बराच वेळ पुसत होती. म्हणाली, "लोकांना हसायला काय जातं! नाक तर समोर दिसतंय." मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पुठ्ठा आण."

आता शर्टात पुठ्ठे घालत नाहीत, प्लास्टिक घालतात. हॅरोल्डनं एक जुना खोका कापून दिला. नीळ मात्र वाण्याकडे अजून मिळते, मलाही नवल वाटलं. तिचा हात कापतो, म्हणून बर्फ जरा जास्तच जोराचा आला आहे. तीन दिवस मला बघू दिलं नाही. मग दाखवलं.

ऑरिन, तुम्ही ते नीट बघा. थोरल्या भावाचे केस तिनं पिकवले आहेत. मी म्हटलं, "आई, डॉक्टर स्लीट तरुण असतो." ती म्हणाली, "तेव्हा होता. आता पंचेचाळिशीला आला असेल ना."

तिला कळलं आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. 

जपून पाठवते आहे, खाली छापायला आईच्या घरचा पत्ता मागे लिहिला आहे. परत नको.

मिली

*

फोर्ट वेन
१९ फेब्रुवारी १९९२

प्रिय मिली,

अंक निघाला. दोन प्रती सोबत आहेत. रंगीत झेरॉक्स महाग पडते, म्हणून आजवर सगळे अंक काळे-पांढरे काढले. हा रंगीत काढला. निळीचा तो निळा मशिनला काही केल्या धरता येत नव्हता. दुकानातल्या माणसाला मी चार वेळा परत पाठवलं. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, हा शर्ट नाहीये." त्याला कुठे ठाऊक होतं!

पानं लावायला व्हर्ना नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर बसली. आता बोलते माझ्याशी. पहिलं वाक्य होतं, "त्या थोरल्याला चमचा का नाही?" मी पाहिलं, खरंच, वाटीत एकच चमचा आहे. तुमच्या चित्रात दोन होते. मी ही चूक तशीच राहू दिली आहे. माझ्या आयुष्यातली अशी पहिलीच.

पश्चिमेकडचा गठ्ठा सगळ्यात आधी टाकला.

ऑरिन

*

कॅम्पबेल
३० मार्च १९९२

प्रिय ऑरिन,

सगळ्या देशातून पत्रं आली, त्याचं नाही आलं.

आईचं स्वयंपाकघर बघायला तुम्ही यायला हवं होतं. तुमचे वाचक तिला चित्रं पाठवताहेत! ओमाहाच्या त्या गृहस्थानं दोघा भावांना एकाच गाडीतून घरी जाताना काढलं आहे आणि खाली लिहिलंय, "माफी असावी, नाक आता मलाही दिसतं." मी आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "उशिरा का होईना." टेक्सासहून एका बाईनं स्लीट जेवून ताट धुतोय असं काढलं आहे. आईला ते सगळ्यात आवडलं. सगळी चित्रं चुलीमागच्या भिंतीवर लावली आहेत, तेलाचे डाग पडताहेत, काढू देत नाही.

पण घर विकायचा विषय आता पार संपला. मी पुन्हा काढला, तर मलाच ऐकवलं, "छापून आलंय हे दार. आता कशी हलू?" तुमच्या पत्त्यानं उलटंच झालं. मी चिडून हसले आणि मग मोटारीत बसून नुसतीच चिडले. मागच्या आठवड्यात पुन्हा बर्फ पडला. मीठ टाकायला मी रोज कामाआधी जाते.

ईस्टरआधीचे उपवास, लेंट, चालू आहेत, म्हणून शुक्रवारी आई चर्चच्या तळघरात बायकांबरोबर विक्रीचे पिरोही करते, बटाटा नाहीतर कोबी भरून उकडलेले. बसून कडा दाबायचं काम तिला जमतं. तिथं सोडताना आणताना तिचा दंड माझ्या हातात असतो, आणि तो दर शुक्रवारी हलका वाटतो.

तुम्ही केलं ते पुष्कळ केलं. मी त्याबद्दल आयुष्यभर तुमची ऋणी आहे. हे मला आधी लिहायला हवं होतं.

मिली

*

कॅम्पबेल, ओहायो
२२ एप्रिल १९९२

संपादक, 'रूफटॉप' यांस,

शेवटच्या अंकाबद्दल एक दुरुस्ती आणि एक विनंती.

दुरुस्ती: मुखपृष्ठावरच्या चित्रात सुपाच्या वाटीत एक चमचा दाखवला आहे. अंक एकतीसच्या मुखपृष्ठावर चमचे दोन होते, हे मी खात्रीनं सांगतो. तो अंक तेव्हा माझ्या उशाखाली असे. चित्रकर्तीला मी प्रत्यक्ष विचारलं. त्यांचं उत्तर: "खाणाराच नव्हता, तर चमचा कशाला काढू?"

अंक मला फेब्रुवारीतच मिळाला होता. टॅकोमात मी जहाजांना रंग देतो. पाकीट फोडलं आणि तो निळा रंग बघितला. निळे रंग मी खूप पाहिले आहेत. हा दुसरा कुणाचा असूच शकत नाही. मग थोरल्याचे केस पाहिले. अंक दोन महिने गाडीत शेजारच्या सीटवर होता. पत्र लिहायला बसलो की पहिल्या ओळीच्या पुढे जाईना. मग पत्राचा नाद सोडला.

गुड फ्रायडेला पोचलो. टेकडी चढून गेलो तर दाराला कुलूप. पायऱ्यांवर मीठ होतं, म्हणजे कुणीतरी काळजी घेतंय एवढं कळलं. शुक्रवार म्हटल्यावर चर्चच्या तळघरात गेलो आणि रांगेत उभा राहिलो. पुढे टेबलामागे सगळ्या म्हाताऱ्या, डोक्याला रुमाल, हात पिठानं माखलेले. माझा नंबर आला. आईनं मान वर न करताच विचारलं, "बटाटा की कोबी?"

इथपर्यंत येईतो काय बोलायचं ते मी खूप ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी आमच्या भाषेत म्हणालो, "काय उरलंय ते."

तिचे हात थांबले. वर बघितलं नाही. एका कडेला आणखी दोन चिमटे काढून तो पिरोही नीट बंद केला, मग म्हणाली, "इतक्या उशिरा आल्यावर उरलेलंच मिळणार." शेजारची बाई म्हणाली, "झुझाना, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?" तेव्हा कुठे तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. नाकापासून सुरुवात केली असावी. आणि म्हणाली, "या थंडीत असा उघड्या मानेनं आलास?"

पुढचं काही मी लिहीत नाही. मिलीला हवं तर ती लिहील. ती सध्या येता जाता मला मारते, दंडावर, लहानपणी मारायची तसं.

त्या रात्री आईनं मला बऱ्याच गोष्टी विचारल्या. वडिलांच्या वेळची एकही नाही. झोपायच्या आधी एवढंच म्हणाली, "तेव्हा मी त्यांच्याबद्दल म्हणाले होते रे." मिलीनं सांगितल्यामुळे मला ते आता माहीत होतं. तरी तिनं म्हणावं असं फार वाटत होतं.

नऊ वर्षं माझी पत्रं छापलीत, त्याबद्दल आभार. 'पुन्हा तेच' या तुमच्या टिपेवर माझा राग नाही. पुन्हा तेच होतं, खरं आहे. तुम्ही मिलीला माझा पत्ता दिला नाहीत हेही कळलं. दिला असतात तर मी आणखी लांब गेलो असतो. व्हर्नाबाईंना सांगा, त्या भांडणात तुमचे यजमानच बरोबर होते.

आता विनंती. 'रूफटॉप' बंद झालं आहे आणि आता मला पाठवण्यासारखं तुमच्याकडे काही नाही, हे मी जाणतो. तरीही वर्गणीदारांच्या यादीत माझा पत्ता बदलून घ्यावा. पायऱ्यांना कठडा बसवून, घर रंगवून ते विकायचं आहे. आईची आता हरकत नाही, म्हणते, "आता दार कशाला हवंय?" ते काम होईपर्यंत खालचा पत्ता राहील, पुढचा मिली कळवेल.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. पत्त्याच्या वर मी 'तात्पुरता' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, तो शब्द खोड. खोडला आहे.

अँड्रू होर्न्याक,
द्वारा झुझाना होर्न्याक,
४१८, कोरल स्ट्रीट,
कॅम्पबेल, ओहायो.

पूर्ण पत्ता छापण्यास हरकत नाही.